जुन्या कॉम्प्युटरला कोणती लिनक्स पेलेल?

जुनं मशीन दिसलं की सगळ्यात हलकी लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी सिस्टीम) टाकून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. मशीनला पेलेल तेवढी सोयींनी भरलेली लिनक्स निवडा. अती हलक्या सिस्टीममध्ये वायफाय जोडणं, प्रिंटर लावणं अशा साध्या कामांनाही खटपट पडते, आणि घरातली माणसं ते मशीन पुन्हा कपाटावर ठेवून देतात.

अमळनेरात मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पारोळा, चोपडा, धरणगावकडून माणसं जुनी मशीन घेऊन येतात. "ताई, हाऊ डबा आते चाली का?" बहुतेक वेळा चालतो.

आधी प्रोसेसर ३२-बिटचा आहे की ६४-बिटचा ते बघा, कारण त्यावर कोणती लिनक्स चालेल ते ठरतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट' उघडलं की 'सिस्टीम टाइप'ची ओळ दिसते. ती पूर्ण वाचा. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं असेल तर प्रोसेसर ६४-बिटचाच आहे, फक्त विंडोज ३२-बिटची टाकलेली आहे. अशा मशीनवर बिनधास्त ६४-बिट लिनक्स टाका. कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट आहे. खरे ३२-बिटवाले म्हणजे ॲटम एन२७० चे छोटे नेटबुक आणि त्याआधीचा माल.

मग रॅम. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती, दुसरा विचार नको. विंडोजवरून आलेल्याला मेन्यू जागच्या जागी सापडतो, अपडेट एका बटणावर होतं. मिंट २ जीबीवरही चालते, पण तिथे मी एमएक्स लिनक्सची त्याहून हलकी फ्लक्सबॉक्स आवृत्ती पसंत करते. १ जीबीला अँटीएक्स. त्याहून कमी असेल तर पपी लिनक्स: ती स्वतःच रॅममध्ये जाऊन बसते, त्यामुळे हार्डडिस्क बिघडलेल्या मशीनवरही पेनड्राइव्हवरून चालते.

३२-बिटवाल्यांना मात्र स्पष्ट सांगते. डेबियन म्हणजे अँटीएक्ससारख्या लिनक्स जिच्यावर उभ्या आहेत ती मूळ लिनक्स. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्ससाठीची नेहमीची आवृत्तीही १४४ वर थांबली. डेबियन १२ वर उभी असलेली अँटीएक्स २३ अशा मशीनवर छान चालते. मुलांचं टायपिंग, गाणी, पीडीएफ यासाठी ते मशीन जरूर वापरा. बँकेचं काम त्यावर करू नका.

आता मुख्य मुद्दा. रॅम खाऊन टाकतो तो ब्राउझर. अँटीएक्स घेतली काय नि मिंट घेतली काय, पाच-सहा टॅब उघडले की दोन्हीकडे तेवढाच भार पडतो. म्हणून थोडे पैसे हाताशी असतील तर रॅम वाढवा आणि सध्याची हार्डडिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केलीत तर जुनी डीडीआर३ रॅम मिळून जाईल. एसएसडीने जो फरक पडतो तो कुठलीही सिस्टीम बदलून पडत नाही.

आणि पंखा साफ करा! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, जिनिंगजवळच्या गावांत पंख्यावर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः थर बसतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि बोल लागतो सिस्टीमला. धूळ काढून थर्मल पेस्ट बदललेलं मशीन आधी बघा, मग ठरवा.

पसंत पडलेली सिस्टीम लगेच टाकू नका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) टाकलं की त्यात दोन लिनक्सच्या आयएसओ फाइल, म्हणजे डाउनलोड केलेल्या पूर्ण सिस्टीम, नुसत्या कॉपी करता येतात. मशीन चालू करताना डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. पेनड्राइव्हवर ती संथच चालणार, वेगाकडे लक्ष देऊ नका. वायफाय दिसतं का, आवाज येतो का ते तपासा, सातबारा उघडून बघा, महाडीबीटीचा फॉर्म भरून बघा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळालं की मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर लागेल ते शोधून देतो. प्रिंटरही आधीच लावून पाहा. एचपी लेझरजेट १०२० ला वेगळं प्लगइन नेटवरून घ्यावं लागतं, कॅननच्या एलबीपी २९०० ला कॅप्ट ड्रायव्हर. मराठी टायपिंगसाठी आयबसमध्ये (टायपिंगची भाषा बदलायचा प्रोग्रॅम) इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा.

ज्यांचं पोट टॅलीवर, अंगठ्याच्या मशीनवर किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर चालतं, त्यांनी कामाच्या मशीनला हात लावू नये. श्रीलिपीत लग्नपत्रिका करणाऱ्यांनीही नाही. घरात दुसरं मशीन असेल तर त्यावर टाका.

टाकायचं ठरलं की फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि उतरलेली उघडून बघा. लोडशेडिंगची वेळ टाळा. बॅटरी गेलेला लॅपटॉप असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगला लावा, कारण पार्टिशन (डिस्कचे भाग) लिहिलं जात असताना वीज गेली तर डिस्कवरचा सगळा डेटा जाऊ शकतो.

सुरू झाल्यावर तारीख बघा. कित्येक वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची बटणासारखी बॅटरी संपलेली आहे. तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या साइटलाही असुरक्षित म्हणतो आणि अपडेटही अडतं. ती बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळते. मशीन बंद करून, वायर काढून बदला आणि मग पहिलं अपडेट चालू करा.