गोधडीवर बटणं लावण्याआधी

गोधडी शिवता यायला लागली की पुढचा मोह बटणांच्या डब्याचा. शिकायला येणाऱ्यांना मी बटण निवडू देण्याआधी विचारते, ही गोधडी कोण पांघरणार आणि ती धुणार कशी? भिंतीवर टांगायची असेल तर आरसे, टिकल्या, मणी, हवं ते लावा. अंगावर घ्यायची असेल तर यादी लगेच आखडते. कुशीखाली आलेलं बटण रात्रभर टोचतं, म्हणून मी बटणं पलंगावरून खाली लोंबणाऱ्या कडांजवळच लावते.

तीन वर्षांखालच्या मुलाची गोधडी असेल तर बटण, मणी, मोती काहीही नको. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तीत पूर्ण मावणारी वस्तू या वयाला धोक्याची मानतात. डब्यातली जवळपास सगळी बटणं तीत मावतील. 'घट्ट शिवलंय' या भरवशावर राहू नका. गोल ठिपके हवेच असतील तर कापडाचे तुकडे लावा किंवा गाठीचे टाके घाला.

आता शिवण्याबद्दल. नवख्यांचं सगळं लक्ष दोऱ्याकडे असतं, पण बटण निघतं तेव्हा पुष्कळदा दोरा शाबूत असतो आणि फाटलेलं असतं कापड. बटणाचा सगळा ताण दोन-चार छिद्रांवर येतो. त्यामुळे फक्त वरच्या थराला बटण लावायचं असेल तर मागे कापडाचा छोटा तुकडा घ्या. वरचं कापड, मधला भरावाचा थर आणि अस्तर अशा तिन्ही थरांतून टाका काढणार असाल तर अस्तराच्या बाजूला एक चपटं, लहान बटण ठेवून दोन्ही एकमेकांना शिवा. जाड कोटांना असंच करतात. असं बटण गोधडीला बांधूनही ठेवतं. मात्र त्यावरच थर धरून ठेवायचे असतील तर दोन बटणांतलं अंतर मधल्या थराच्या वेष्टनावर दिलेल्या मर्यादेत हवं, नाहीतर धुतल्यावर आतला थर गोळा होतो. दोरा किती ओढायचा हेही आधी ठरवा: ताणला की खळगा पडतो, सैल ठेवला की बटण वर बसतं. मला खळगा आवडतो. पॉलिएस्टरचा दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता कमी होतो.

कापड महत्त्वाचं का, हे जुन्या क्रेझी क्विल्ट पाहिल्या की कळतं. १८८० च्या दशकात अमेरिकेत रेशीम, मखमल आणि फितींचे वेडेवाकडे तुकडे जोडून, त्यांवर भरगच्च भरतकाम करून त्या बनवत. त्यांतल्या अनेक पांघरायच्या नव्हत्याच, दिवाणखान्यात मिरवायच्या होत्या. त्या काळच्या बऱ्याच रेशमाचं वजन वाढवण्यासाठी त्याला धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करत. असं रेशीम पुढे ठिसूळ होऊन चिरत जातं. काही ठिकाणी भरतकामाचे टाके जागच्या जागी आहेत आणि खालचं कापड उरलेलं नाही!

क्रम सरळ आहे. आधी धावदोरा पूर्ण करा, मग गोट (कडेची पट्टी), आणि बटणं सगळ्यात शेवटी, कारण मशीनचा पाय बटणावर अडकतो. सपाट लेस आणि फिती मात्र थर जोडण्याआधीच वरच्या कापडाला लावा, म्हणजे त्यांची टोकं शिवणीत दडवता येतात. लेस, विशेषतः सुती, आधी धुऊन घ्या. ती आकसली तर आजूबाजूचं कापड चुण्या पाडतं.

अनोळखी बटण थेट गोधडीवर नको. पांढऱ्या चिंधीला शिवून ती दोन-तीनदा धुवा. लाकडी बटणाचा रंग उतरतो, धातूचं गंजू शकतं. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंड आहे असं समजा. प्लॅस्टिकवर इस्त्री टेकवू नका. खाली जाड टॉवेल पसरून गोधडी उलटी टाका आणि मागून हलकी इस्त्री फिरवा.

ठेवताना घडीपेक्षा गुंडाळी बरी. नळकांड्यावर सुती कापड घेऊन, सजवलेली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळा. आत ठेवली तर ती चेपते आणि चुण्या पडतात.