सगळ्यांचं ऐकून लिहिलेली कथा

कथा लिहायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली की एक विचित्र टप्पा येतो. हात बऱ्यापैकी बसलेला असतो, लेखनगटात लोक ओळखायला लागलेले असतात, संवाद कानाला खोटे वाटत नाहीत. आणि तरी कथा परत येते. कधी नुसतीच, कधी 'लेखन सफाईदार आहे, पण मनात रेंगाळत नाही' अशा एका ओळीसकट. ती ओळ वाचून मला वाटायचं, अजून सफाई कमी पडतेय. त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितेय. अगदी पहिलीच कथा लिहीत असाल तर हे वाचू नका, आधी ती पूर्ण करा.

नियम मोठे की लेखकाचं स्वातंत्र्य मोठं, हा वाद गटांमध्ये नेहमी चढ्या आवाजात चालतो. त्यातून कुणाची कथा सुधारलेली मी तरी पाहिलेली नाही. खरा घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि तो इतका सभ्यपणे होतो की चालू असताना कळत नाही.

माझ्या एका कथेत एक आत्या होती. भाऊ वारल्यानंतर ती त्याच्या खोलीत जाते. खर्ड्यात असं होतं:

"आत्याने कपाट उघडलं. बंद केलं. परत उघडलं. आत काही नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. कालच तिने ते रिकामं केलं होतं."

गटात चौघांनी वाचलं. एकाने विचारलं, रिकामं आहे हे माहीत असताना ती उघडते कशाला? कारण स्पष्ट कर. दुसरीला 'उघडलं, बंद केलं, परत उघडलं' ही पुनरुक्ती खटकली. तिसरा म्हणाला, 'ते तिला माहीत होतं' हे तू सांगतेयस, दाखवत नाहीयेस. चौथीचं म्हणणं, एवढा मोठा क्षण आहे आणि भावना पोचतच नाही. चौघंही मन लावून वाचणारे, माझं भलं चिंतणारे. मी बसून चारही सूचना अमलात आणल्या:

"रिकाम्या कपाटासमोर उभ्या असलेल्या आत्याचे डोळे भरून आले. थरथरत्या बोटांनी तिने दार लोटलं. त्या कपाटात आता फक्त आठवणी उरल्या होत्या."

पुढच्या बैठकीत सगळ्यांना आवडलं. कुणाचीच हरकत उरली नाही.

आता दोन्ही परिच्छेद परत वाचा. कपाट परत उघडणारी बाई मला ठाऊक होती. डोळे भरून येणारी बाई मी फक्त कुठेतरी वाचलेली होती.

इथे जरा जास्त बोलणार आहे, कारण हा सापळा लक्षात यायला मला फार वेळ लागला. 'लोकांचं ऐकू नका' असं मी म्हणत नाहीये. त्या चौघांची प्रत्येक सूचना एकेकटी घेतली तर बरोबरच होती. पुनरुक्ती टाळावी, बरोबर. पात्राच्या वागण्याला कारण असावं, तेही बरोबर. पण चौघांनी बोट ठेवलं होतं ते एकाच जागेवर, आणि त्या पानावरची जिवंत जागा नेमकी तीच होती. वाचक अडखळतो तेव्हा दोन शक्यता असतात: एकतर वाक्य फसलेलं असतं, नाहीतर ते नेहमीच्या वाटेने जात नसतं. गटातल्या वाचकाला हा फरक करायला सवड नसते. तो पेन्सिल हातात घेऊनच वाचायला बसतो. 'मला काही म्हणायचं नाही' असं म्हटलं तर त्याने वाचलंच नाही असं दिसेल, म्हणून त्याला काहीतरी शोधावंच लागतं, आणि जे वेगळं दिसतं त्यावर खूण होते. चार जणांच्या खुणा एकदम पाळल्या की तुमचं वाक्य त्या चौघांनी आजवर वाचलेल्या वाक्यांच्या जवळ सरकतं. यात कुणाचाही दुष्टावा नसतो. वाईट भाग पुढेच आहे: प्रत्येक खर्ड्यागणिक हरकती कमी होत जातात, आणि हरकती कमी होणं म्हणजे कथा सुधारणं, असं लिहिणाऱ्याला मनापासून वाटत राहतं.

मग अभिप्राय घ्यायचाच नाही का? घ्या. पण तक्रार घ्या आणि औषध सोडून द्या. 'इथे मी अडलो' ही माहिती आहे, ती खोटी नसते. 'इथे असं कर' हा त्या वाचकाचा अंदाज असतो, आणि तो तुमच्याइतका त्या कथेत राहिलेला नसतो. आत्याच्या कथेत 'भावना पोचत नाही' ही तक्रार खरी निघाली, पण तिचं मूळ दोन पानं आधी होतं. बहीण-भाऊ एकत्र असलेला एकही प्रसंग मी लिहिलेला नव्हता. तो घातला, एक शब्दही न बदलता कपाटाचा मूळ परिच्छेद जागेवर ठेवला, आणि नव्या वाचकांपैकी कुणी कारण विचारलं नाही.

आता मी कथा कुणाला द्यायच्या आधी स्वतःच्या प्रतीवर दोन-तीन वाक्यांखाली रेघ मारते: ही सोडणार नाही. शेजारी का ते लिहिते. 'छान वाटतं' एवढंच लिहिता आलं तर ते वाक्य सोडायच्या लायकीचं असतं, उडवते. कारण सापडलं तर सगळं जग विरोधात गेलं तरी ठेवते. अभिप्राय मिळाल्यावर लगेच फाइल उघडत नाही. पहिले काही दिवस प्रत्येक सूचना एकतर अपमान वाटते नाहीतर आज्ञा, आणि दोन्ही मनःस्थितींत कथेची वाट लागते. आणि बैठकीत कथेची वकिली करू नका. तुम्ही बोलायला लागलात की लोक खरं बोलायचे थांबतात.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमचं वाक्य पुसून त्या जागी स्वतःचं वाक्य लिहून देणाऱ्यापासून लांब राहा, त्याच्या नावावर कितीही पुस्तकं असोत. त्याचा हेतू चांगला असतो, पण वर्षभरात तुम्ही त्याच्यासारखं लिहायला लागता, आणि त्याच्यासारखं लिहिणारा एकजण आधीच आहे. मला सगळ्यात उपयोगी पडलेल्या एका ज्येष्ठ लेखिकेने माझ्या कथेत एकही दुरुस्ती सुचवली नाही. तिने फक्त विचारलं, "ही कथा कोण सांगतंय, आणि त्याला ही आजच का सांगावीशी वाटली?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून कथा परत लिहावी लागली.

'अमुक पानावर कलाटणी आलीच पाहिजे' छापाची कोष्टकं असतात, त्यांच्यावरही मी फार वेळ घालवला. खर्डा झाल्यावर कुठे रेंगाळतोय ते तपासायला ती चालतात. खर्ड्याआधी समोर ठेवलीत तर कथा रकाने भरायला लागते.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. 'मी मला हवं तसंच लिहिणार' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना, माझ्या अनुभवात, परत लिहायचा कंटाळा असतो. स्पर्धेत शब्दमर्यादा 2,000 असताना 3,400 शब्द पाठवायचे आणि कथा बाद झाली की गळचेपी म्हणून ओरडायचं, याला काही अर्थ नाही. मर्यादा, मुदत, फाइल कशी पाठवायची, हे नियम कथेबद्दलचे नाहीतच, ते कामाच्या सोयीचे आहेत. निमूटपणे पाळा. शुद्धलेखनाचंही तसंच. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिलेलीच आहे, तेव्हा बोलीतले संवाद लिहायला कुणाची परवानगी नको. मात्र निवेदनात एका परिच्छेदात 'केले' आणि पुढच्यात 'केलं' आलं, तर त्याला कुणी शैली म्हणत नाही. निवेदन बोलीत हवं असेल तर जरूर करा, फक्त शेवटच्या ओळीपर्यंत निभवा.

नियम अंगावर आला की तो मुळात कुठून आला तेवढं बघावं. नाटकात स्थळ, काळ आणि कृती यांची एकता हवीच, म्हणजे सगळं एकाच जागी, एका दिवसात आणि एकाच कथानकात घडायला हवं, हा नियम शतकानुशतकं ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलच्या नावावर खपला. त्याचा खरा आग्रह होता तो कृतीच्या एकतेचा. काळाबद्दल शोकात्मिका साधारण सूर्याच्या एका फेऱ्यात बसवायचा प्रयत्न करते एवढं निरीक्षण आहे, आणि स्थळाचा नियम त्याने घातलेलाच नाही. तिन्हींची घट्ट मोट बांधली ती 1570 मध्ये इटालियन भाष्यकार कास्टेलवेट्रोने. निरीक्षणाचा दंडक व्हायला मध्ये एक उत्साही भाष्यकार पुरतो. गटात 'सांगू नका, दाखवा' ऐकताना मला हे हमखास आठवतं. आपल्याकडेही ना. सी. फडक्यांचा कथेच्या तंत्राबद्दल केवढा आग्रह होता, आणि तरी गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी त्या तंत्राबाहेरची कथा, म्हणजे नवकथा, लिहिलीच. हे वाचून लगेच मोकळं सुटल्यासारखं वाटू देऊ नका. त्यांनी एक चौकट सोडली, पण प्रत्येकाची कथा स्वतःच्या शिस्तीत उभी आहे.

खरं तर स्वतःहून घातलेलं बंधन अजिबात जाचत नाही. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये 'ई' हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली, आणि ते फ्रेंचमध्ये सगळ्यात जास्त येणारं अक्षर. एवढं धाडस नको, पण एक पान 'आहे' आणि 'होता-होती-होतं' न वापरता लिहून बघा. पहिल्या तीन ओळींत चिडचिड होते, मग वाक्यं भलत्याच दिशेने पळायला लागतात. पेरेकचं बंधन त्याने निवडलेलं होतं, माझ्या आत्याचे अश्रू चौघांनी निवडलेले होते.

संपादकाशी गाठ पडते तेव्हा मात्र हे असं सरळ राहत नाही. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरच्या 1981 च्या संग्रहावर संपादक गॉर्डन लिशने इतकी कात्री चालवली की काही कथा निम्म्याहूनही लहान झाल्या. 1980 च्या जुलैमध्ये कार्व्हरने त्याला पत्र लिहून छपाई थांबवायची विनवणी केली होती. पुस्तक तसंच निघालं, गाजलं, आणि कार्व्हरची शैली म्हणून त्या काटछाटीचंच कौतुक झालं. त्याचा मूळ खर्डा 2009 मध्ये छापून आला, त्याच्या मृत्यूनंतर. कुठलं रूप सरस यावर वाचकांत आजही एकमत नाही. मी दोन्ही बाजूंनी भांडून झालेय. काही कथांत लिशचं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि ते पत्र वाचलं की तसं वाटल्याची लाज वाटते.

तुमच्यावर ही वेळ लहान प्रमाणात लवकरच येईल. संपादक म्हणेल, शेवट बदलला तर घेतो. घाबरू नका, ही चांगली बातमी आहे, कारण नकार एका ओळीत देता येतो आणि तो त्याने दिलेला नाही. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. शेवट कुठे कमी पडला ते विचारा. पटलं तर तुमच्या पद्धतीने बदला, त्याने सुचवलेला शेवट चिकटवू नका. नाही पटलं तर दोन ओळींत नम्रपणे कळवा आणि कथा दुसरीकडे पाठवा. मी एकदा हो म्हटलं आणि एकदा नाही, आणि दोन्ही वेळा कथा शेवटी छापून आली. एक गोष्ट मात्र स्वीकार झाल्या झाल्या लेखी मागा: छपाईआधी अंतिम प्रूफ बघायला मिळावं. माझ्या एका कथेचा शेवटचा परिच्छेद मला न विचारता कापला गेला होता, आणि ते मला अंक हातात आल्यावर कळलं. बहुतेक संपादक मागितलं की प्रूफ देतात. नवी माणसं भिडेखातर मागत नाहीत.