विनानांगरणीचा हरभरा आणि कुटाराचा पट्टा

प्लँट ब्रीडिंगला नवे आलेले दोघं-तिघं दरवर्षी विचारतात, "दादा, विनानांगरणीसाठी हरभऱ्याचं वाण, हा विषय घेऊ का?" घ्या. सोयाबीन निघालं की काळ्या जमिनीतली ओल रोज खाली खाली जाते. नांगरून, वखरून ती उडवण्यापेक्षा धसकटांतच पेरलेलं बरं, हे शेतकऱ्याला आपल्याआधी कळलंय. भंडारा-गोंदियाकडं उभ्या धानात उतेरा टाकतात, म्हणजे धान निघायच्या आधीच पुढच्या पिकाचं बी फेकतात; नेरळच्या भडसावळ्यांच्या एसआरटीत (सगुणा पद्धतीत) भातानंतर वाफा न मोडता कडधान्य घेतात. आपण मात्र वाणं निवडतो ती भुसभुशीत केलेल्या प्लॉटवर.

क्रॉसिंगवर, म्हणजे दोन वाणांच्या संकरावर, फार लिहीत नाही. हात बसेपर्यंत कळ्या मोडतात, सगळ्यांच्याच मोडतात. पांढऱ्या फुलाची मादी आणि गुलाबी फुलाचा नर घेतला, तर एफ-१ ला (संकराच्या पहिल्या पिढीला) गुलाबी फूल दिसताच क्रॉस खरा समजायचा. सकाळी पानांवर आंब (आम्लाचं दव) असताना जुने बूट, जुनी पँट. बस.

आता मी जिथं आपटलो ते.

एफ-५ च्या, म्हणजे पाचव्या पिढीच्या ६० लाइन्स (होऊ घातलेली वाणं), दोन रेप्लिकेशन (प्रत्येक लाइन दोनदा पेरलेली), चेक म्हणून, म्हणजे तुलनेला, जॅकी ९२१८ आणि फुले विक्रम ही प्रचलित वाणं. एक वावर नांगरलेलं, एक तसंच. विनानांगरणीत ११ लाइन्स अशा उठून दिसल्या की मी घरी फोन करून सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यातल्या ९ चेकच्याही खाली. गाइड म्हणाले, "सीझन इफेक्ट." मी मान डोलावली. डोलावली ही चूक माझीच, पण पेरणीनंतर एकदाही वावरात न आलेल्या माणसाच्या तोंडचं "सीझन इफेक्ट" जरा जपून ऐकत जा.

उलगडा केला फार्मवरच्या मुकादमकाकांनी. मी बांधावर लेआउटचा कागद घेऊन बसलो होतो. काका वाकून बघत म्हणाले, "हे प्लॉट का? इथं पहिल्या साली कुटार नव्हतंच. मशीननं ते पलीकडं टाकलं होतं."

हार्वेस्टर कापतो रुंद आणि कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा-काड, मागं टाकतो अरुंद पट्ट्यात. माझ्या वावरात साधारण तिसरा हिस्सा पट्ट्याखाली, बाकी जमीन जवळपास उघडी. माझे प्लॉट दोन तासांचे (ओळींचे), चार मीटर लांब, आणि तास पट्ट्याला समांतर. म्हणजे प्लॉट एकतर अख्खा कुटारात, नाहीतर अख्खा बाहेर. "रँडमाइझ केलंय ना, जागा चिठ्ठीनं ठरवल्यात!" असं मीही म्हणायचो. हिशोब करा. एका रेप्लिकेशनला बाहेर पडायची शक्यता २/३, दोन्हींत बाहेर पडायची ४/९. म्हणजे ६० पैकी २६-२७ लाइन्स निव्वळ नशिबानं दोन्ही वेळा मोकळ्यावर. ती पडलेली ९ याच घोळक्यातली होती. हरभरा म्हणून मी जे निवडलं ती जागा होती.

पट्ट्यात काय होतं? अर्धवट कुजलेलं कुटार, त्याखाली ओल, आणि स्क्लेरोशियम या कॉलर रॉट (मानकूज) करणाऱ्या बुरशीला याहून काय हवं! तीन-चार आठवड्यांची रोपं पिवळी पडून माना टाकतात. मी वहीत "मर" हा दुसराच रोग लिहून मोकळा झालो. एक रोप उपटून पाहिलं असतं तर मानेशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले असते. मर असेल तर खोड उभं चिरल्यावर आत काळपट रेघ सापडते. ब्लेड खिशातच होतं. चिरलं नाही, म्हणून कॉलर रॉटने मेलेल्या लाइन्स मी मर-संवेदनशील म्हणून फेकल्या. त्यात काय काय गेलं कोण जाणे.

म्हणून तास पट्ट्याला आडवे धरा. प्रत्येक प्लॉटला कुटाराचा वाटा मग आपोआप सारखा येतो. त्याहून बरं म्हणजे सगळं कुटार ओढून, तोलून, चौरस मीटरला ठरलेल्या वजनानं पुन्हा पसरा. दोन दिवस पाठ मोडते. मोडू द्या.

शॉर्टकट सुचवणारे भेटतीलच. मार्कर (हवा तो गुण डीएनएवरून ओळखायच्या खुणा) वाईट नाहीत. आयसीसी ४९५८ या हरभऱ्याच्या वाणाच्या खोल मुळांचा गुण मार्करनं आणता येतो, पण मुळं खोल जाण्याआधी रोपाला कुटारातून वर यावं लागतं. लाइटखाली वर्षात चार-पाच पिढ्या काढणंही छान; मात्र कुंडीत कुटार नसतं, तेव्हा तिथं पिढ्या पळवा, निवड वावरातच करा. आणि डवरणी (ओळींमधली कोळपणी) बंद म्हणजे तण आलंच. उगवणीनंतरच्या तणनाशकानं हरभरा सहज करपतो. इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करणारा डोनर (तो गुण देणारा वाण) क्रॉसमध्ये पहिल्यापासून घाला, नंतर घालू म्हणालात की राहतंच.

घाबरवतोय असं वाटत असेल, तर माझी गोष्ट अजून संपलेली नाही. ११ पैकी ज्या २ टिकल्या, त्या पहिल्या वर्षी एकेकदा पट्ट्यात पडूनही उभ्या राहिलेल्या होत्या. त्यांना मी तेव्हा अकरात सर्वांत खाली ठेवलं होतं. यंदा त्या तिसऱ्यांदा पेरल्यात, आडव्या तासांत. कुटार तोलायचा ताणकाटा धुळीनं जाम झालाय. नव्याची मागणी दिलीय, बिल अजून ऑफिसात फिरतंय.