मोहरीची शेंग उघडून कशी पाहावी

पुण्यात ऑक्टोबरअखेर कुंडीत मोहरी पेरली, की जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. पिवळी पडू लागलेली, पण न तडकलेली शेंग निवडा. कोवळी घेतली तर झडप, म्हणजे शेंगेच्या दोन बाजूंच्या सालींपैकी एक, फाटते. फार वाळलेली हात लागताच फुटते आणि बिया उडतात.

नख देठाकडून लावा, चोचीकडून, म्हणजे निमुळत्या टोकाकडून, नको, कारण झडपा खालून वर सुटतात. दोन्ही निघाल्या की खरी बघण्याजोगी गोष्ट उरते: दोऱ्यासारखी बारीक चौकट आणि तिच्यात ताणलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा. बिया चौकटीच्या कडेला नाजूक देठांनी लटकलेल्या असतात. भिंगातून अगदी स्पष्ट दिसतात.

मंडईत मिळणारी डिंगरी, म्हणजे मुळ्याची शेंग, याच कुळातली. पण ती आपणहून तडकत नाही. सुरीने उभी चिरूनच पाहा.