व्यावसायिक करार कसा करावा : पहिल्या बोलणीपासून करारभंगापर्यंत

व्यवसायातील कितीतरी करार वकिलाचा हात न लागताच होतात. ईमेलची देवाणघेवाण, फोनवरचा होकार, कोटेशनवरची सही एवढ्यावर करार होऊन जातो, आणि तो नेमका कधी व कोणत्या अटींवर झाला हा प्रश्न वाद उद्भवल्यावरच पुढे येतो. त्या वेळी हाती काय लागेल, हे मुख्यतः करार होण्यापूर्वी कोणी कोणाला काय कळवले होते यावर ठरते. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये करारापूर्वीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

1. समोरचा पक्ष कोण आहे, ते निश्चित करा

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने तिच्या मालकांपासून वेगळी व्यक्ती असते. त्यामुळे करार कंपनीशी होत आहे, भागीदारी संस्थेशी की एखाद्या व्यक्तीशी, हे नोंदणीकृत नावासह लिहावे आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे संचालक मंडळाच्या ठरावावरून किंवा मुखत्यारपत्रावरून पाहून घ्यावे. स्वतः सही करतानाही संस्थेचे नाव आणि आपला हुद्दा लिहावा, अन्यथा देणे वैयक्तिकरीत्या अंगावर येऊ शकते. वयाचा प्रश्न व्यापारात क्वचित येतो, पण आला तर तो मुळावर येतो : 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील भारताच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) मोहरी बीबी खटल्यात अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्यानुसार मुळातच शून्य ठरवला.

2. प्रस्ताव आणि प्रस्तावाचे निमंत्रण यांत गल्लत करू नका

दरपत्रक, कॅटलॉग किंवा साधी जाहिरात हे सहसा निमंत्रण असते. ते पाहून ग्राहक प्रस्ताव मांडतो आणि तो स्वीकारायचा की नाही, हे विक्रेता ठरवतो. मात्र शब्द पुरेसे ठाम असले, तर जाहिरातही बंधनकारक प्रस्ताव ठरते. इंग्लंडमधील कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी या 1892 च्या निकालात तसेच झाले. आमचे औषधी उपकरण सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला, तर 100 पौंड देऊ, असे त्या कंपनीने छापले होते आणि आपला मनापासूनचा इरादा दाखवण्यासाठी 1,000 पौंड बँकेत ठेवल्याचेही त्याच जाहिरातीत म्हटले होते. न्यायालयाने कंपनीला तिच्या शब्दांना बांधून घेतले. तेव्हा कोटेशन देताना ते कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे आणि अंतिम करार लेखी झाल्यावरच बांधिलकी निर्माण होईल की नाही, ही दोन वाक्ये त्यात असलीच पाहिजेत.

3. स्वीकाराचा क्षण नीट ओळखा

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच पायरीकडे. स्वीकार हा प्रस्तावाशी तंतोतंत जुळणारा असावा लागतो. त्यात बदल केला की तो प्रतिप्रस्ताव होतो आणि मूळ प्रस्ताव संपुष्टात येतो. हाइड विरुद्ध रेंच या 1840 च्या खटल्यात विक्रेत्याने शेतजमीन 1,000 पौंडांना देऊ केली, खरेदीदाराने 950 पौंड सांगितले, विक्रेत्याने ते नाकारले, आणि त्यानंतर खरेदीदाराने 1,000 पौंड मान्य केले. करार झालेला नाही, असा निकाल लागला, कारण 950 पौंडांच्या उत्तराने पहिला प्रस्ताव मोडला होता.

आजच्या पत्रव्यवहारात हीच गोष्ट अशी घडते. खरेदीदार 500 नगांची पर्चेस ऑर्डर पाठवतो आणि तिच्या मागील बाजूस पैसे 90 दिवसांनी देण्याची अट छापलेली असते. पुरवठादार ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ अशी पोच देतो आणि तिच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या अटी, पैसे 30 दिवसांत देण्याच्या, जोडलेल्या असतात. कोणीही हरकत घेत नाही, माल पोहोचतो आणि तो उतरवून घेतला जातो. अनेक न्यायालये अशा वेळी माल स्वीकारण्यापूर्वी शेवटी पाठवलेला कागद प्रतिप्रस्ताव मानतात आणि माल घेण्याच्या कृतीला त्याचा स्वीकार समजतात, म्हणजे येथे 30 दिवसांची अट लागू होण्याची शक्यता अधिक. उलट, त्या अटी फक्त मालानंतर आलेल्या इन्व्हॉइसवर छापलेल्या असत्या, तर त्यांना बहुधा उशीर झालेला असता. यावर उपाय एकच : समोरच्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, न पटणाऱ्या अटीला त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी आणि त्या अटीचा निकाल लागेपर्यंत काम सुरू करू नये.

स्वीकार कधी पूर्ण होतो, याचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत. अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल या 1818 च्या निकालापासून इंग्रजी कायद्याच्या परंपरेत टपालाने पाठवलेला स्वीकार पत्र टाकताक्षणी पूर्ण मानला जातो. आंतरराष्ट्रीय माल विक्रीसाठीच्या 1980 च्या व्हिएन्ना करारनाम्यात मात्र तो प्रस्तावकाकडे पोहोचल्यावर परिणामकारक होतो. परदेशी पक्षाशी व्यवहार असेल, तर कोणत्या देशाचा कायदा लागू होईल आणि वाद न्यायालयात जाईल की लवादाकडे, हे म्हणूनच आधी ठरवून घ्यावे.

4. मोबदला आहे का, ते पाहा

भारत आणि इंग्लंडसह इंग्रजी परंपरेच्या देशांत दोन्ही बाजूंनी काहीतरी देणे-घेणे असल्याशिवाय वचनाला सहसा करार मानत नाहीत, तर फ्रान्स, जर्मनी यांसारख्या देशांच्या कायद्यांत ही अट नाही. पहिल्या गटात मोबदला पुरेसा आहे की नाही, हे न्यायालय सहसा तपासत नाही. तो असला म्हणजे झाले. अडचण येते ती मधल्या बदलांत. काम चालू असताना तेच काम करण्यासाठी जादा पैशांचे कबूल केलेले वचन नव्या मोबदल्याअभावी फोल ठरू शकते, म्हणून असा बदल पुरवणी करारात लिहावा आणि त्या बदल्यात दुसऱ्या बाजूने काय दिले, तेही नोंदवावे.

धाक, फसवणूक किंवा दिशाभूल करून मिळवलेली संमती टिकत नाही, आणि बेकायदेशीर उद्देशासाठी केलेल्या कराराला न्यायालय साहाय्य करत नाही. त्यामुळे वाटाघाटीत केलेली विधाने खरी आहेत ना, याची खातरजमा दोघांनीही करावी.

5. त्रयस्थाला समजेल असे लिहा

तोंडी करारही बहुतांश व्यवहारांत वैध असतो. प्रश्न पुराव्याचा असतो. शिवाय काही प्रकारांना लेखी रूप सक्तीचे आहे, उदाहरणार्थ इंग्लंडमध्ये 1677 च्या कायद्यामुळे जामीनकी आजही लेखी असावी लागते. ‘माल चांगल्या दर्जाचा असावा आणि वेळेत द्यावा’ हे वाक्य वाचून न्यायाधीशाला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणे 500 नग 15 तारखेस सायंकाळी 5 वाजेपर्यंत खरेदीदाराच्या गोदामात उतरवून द्यावेत, खरेदीदाराने 7 दिवसांत तपासणी करून दोष लेखी कळवावेत’ असे लिहिले, की उशीर कोणाचा आणि तक्रार मुदतीत झाली का, हे कोणालाही सांगता येते.

6. आपले संभाव्य नुकसान आधीच सांगून ठेवा

हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा 1854 चा निकाल प्रत्येक व्यावसायिकाला ठाऊक असायला हवा. ग्लॉस्टर येथील गिरणीचा मुख्य दांडा तुटला आणि नवा घडवण्यासाठी नमुना म्हणून तो ग्रिनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने उशीर केला आणि तेवढे दिवस गिरणी बंद राहिली. बुडालेला नफा मात्र गिरणीमालकांना मिळाला नाही, कारण दांड्यावाचून गिरणी बंद पडेल, ही विशेष परिस्थिती वाहतूकदाराला कळवण्यात आली होती, असे न्यायालयाला आढळले नाही. करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे नुकसान, आणि करार करताना दोघांना ठाऊक असलेल्या परिस्थितीमुळे होणारे नुकसान, एवढेच भरून मागता येते. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 73 आणि व्हिएन्ना करारनाम्याचे कलम 74 यांमध्येही हाच विचार आहे. म्हणून एखादा सुटा भाग उशिरा आल्यास आपली उत्पादनाची साखळी थांबणार असेल, तर ती गोष्ट ऑर्डरमध्येच लिहावी. त्यामुळे पुरवठादार दर थोडा वाढवील किंवा जबाबदारीवर मर्यादा घालू पाहील, पण धोका कोणाकडे किती, याची ती प्रामाणिक वाटाघाट असेल. उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी ठरावीक रक्कम लिहायची असल्यास ती माल वेळेत मिळण्यातील आपल्या खऱ्या हिताशी सुसंगत ठेवावी. दंड म्हणून फुगवलेली रक्कम पूर्ण मिळेलच, असे नाही.

आगीसारख्या आपत्तीत काय करायचे, हेही याच वेळी ठरवावे. भाड्याने घेतलेले सभागृह कार्यक्रमापूर्वी जळून गेल्यावर 1863 मध्ये टेलर विरुद्ध कॅल्डवेल खटल्यात दोन्ही पक्षांना मुक्त करण्यात आले. पण केवळ कच्चा माल महागला, म्हणून अशी मुक्तता सहसा मिळत नाही. दरवाढीसाठी वेगळे कलम हवे.

7. करार मोडला गेल्यास

प्रथम करारात ठरलेल्या पत्त्यावर लेखी नोटीस द्यावी आणि करारात दुरुस्तीची मुदत असेल, तर तिचा उल्लेख करावा. भंग किरकोळ असताना संपूर्ण करार रद्द केल्याचे जाहीर करू नये, कारण मग करारभंगाचा ठपका आपल्यावरच येऊ शकतो. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी वाजवी पावले उचलावीत, उदाहरणार्थ पर्यायी पुरवठादाराकडून माल घ्यावा आणि त्याची बिले जपून ठेवावीत. टाळता येण्याजोगे नुकसान भरून मिळत नाही. दाव्याची मुदतही पाहावी : साध्या करारभंगासाठी ती भारतात सर्वसाधारणपणे 3 वर्षे, तर इंग्लंडमध्ये 6 वर्षे आहे. बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत आपोआप थांबत नाही. समोरच्याने देणे सहीनिशी लेखी मान्य केले, तर मात्र भारतात त्या तारखेपासून नवी मुदत मोजली जाते, आणि ही कबुली जुनी मुदत संपण्यापूर्वीच घ्यावी लागते.