गूगलला किती माहिती द्यायची ते आपण ठरवायचं, त्याच्या सेटिंग्ज

गूगल आपला डेटा विकतं का, असं सारखं कोणीतरी विचारतं. अहो विकायची गरजच काय, तोच डेटा वापरून जाहिराती दाखवायच्या हाच त्यांचा धंदा आहे. बाहेरच्या हॅकरपासून ते डेटा बऱ्यापैकी जपतात, ते स्वतः काय काय साठवतात तेवढं आपण बघायचं.

फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग मॅनेज युअर गूगल अकाउंट, मग डेटा अँड प्रायव्हसी (फोनप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं होतात). तिथं टाइमलाइन दिसेल, म्हणजे आपण कुठं कुठं गेलो त्याची नोंद, आधी त्यालाच लोकेशन हिस्टरी म्हणायचे. बरेच जण तेवढं बंद करतात आणि निवांत होतात. पण २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं की ते बंद असलं तरी वेब अँड अॅप अॅक्टिव्हिटी (गूगलवर, मॅप्सवर आपण काय शोधलं, काय केलं त्याची नोंद) चालू असेल तर लोकेशन साठतच राहतं, आणि ही दुसरी गोष्ट आधीपासून चालूच असते, कोणाला पत्ताच नाही! पुढं २०२२ मध्ये याच प्रकरणात गूगलनं अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून दोन्ही बघायचं. नुसतं टर्न ऑफ केलं तर पुढचं साठणं थांबतं, जुनं तसंच पडून राहतं, ते वेगळं डिलीट करावं लागतं.

पूर्ण बंद केलं की मॅप्समध्ये मागचे पत्ते पटकन येत नाहीत, वैताग येतो. मग निदान ऑटो-डिलीट लावा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपेक्षा जुनं आपोआप पुसलं जातं, ३, १८ किंवा ३६ महिने असे पर्याय असतात. मी ३ च घेईन. २०२० नंतरच्या नव्या अकाउंटला वेब अँड अॅप अॅक्टिव्हिटीसाठी १८ आपोआप लागलेलं असतं, त्याआधीचं असेल तर नक्की तपासा.

तिथंच आसपास साइन इन विथ गूगल केलेल्या अॅप्सची यादी सापडेल, ओळखीचं नसेल ते काढून टाका, फार विचार नको.

व्हॉट्सअॅपचं वेगळंच. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणी वाचू शकत नाही, हे खरं, पण गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप तसा आपोआप नसतो. बॅकअपही पासवर्ड लावून तसाच एन्क्रिप्ट करायची सोय २०२१ पासून आहे, चॅट्समध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन आपणच चालू करायची. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, तो विसरलात आणि फोनही गेला तर तो बॅकअप व्हॉट्सअॅपवालेही उघडून देऊ शकत नाहीत.

आणि फोटो फक्त गूगलच्याच भरवशावर ठेवू नका, दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट ते डिलीट करू शकतात. गूगल टेकआउटवर (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच साइट) जाऊन आधी डिसिलेक्ट ऑल करा, मग फक्त फोटो निवडा, नाहीतर नको ते सगळं येतं. लिंक मेलवर येते, कधी काही तासांत कधी काही दिवसांनी, आणि साधारण ७ दिवसांत एक्स्पायर होते, त्यामुळं मेल आला की लगेच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.