भूकंपाचे नकाशे वर्गात दाखवताना या चुका टाळा

भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या सरकत्या तुकड्यांच्या) सीमा आधीच आखलेला नकाशा पडद्यावर टाकला की धडा तिथेच संपतो. मुलं भूकंपांचे ठिपके बघतच नाहीत, रेघ बघतात आणि ‘भूकंप रेघेवर होतात’ असं वहीत लिहून मोकळी होतात. म्हणून सीमा लपवा, नुसते ठिपके द्या आणि रेघ त्यांनाच काढू द्या. तिबेटपासून मध्य आशियापर्यंत रेघेऐवजी रुंद पट्टा येईल. येऊ द्या, तिथली हद्द खरोखरच पसरट आहे. किल्लारी (१९९३) आणि अमेरिकेतलं न्यू माद्रिद (१८११-१२) कुठल्याच रेघेवर बसणार नाहीत, तेही खोडू नका.

सगळ्यात महागात पडते ती खोली विसरण्याची चूक. सपाट नकाशावर १० किलोमीटर आणि ६०० किलोमीटर खोलीचे भूकंप शेजारीशेजारी, अगदी सारखे दिसतात. प्रशांत महासागरातल्या टोंगा गर्तेचा (समुद्रतळावरच्या खोल खंदकाचा) भाग घ्या. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून तिथल्या भूकंपांची यादी सीएसव्ही (तक्त्याच्या) फाइलमध्ये मोफत उतरवता येते. आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्या अक्षावर खोली घेतली की ठिपके पूर्वेकडून पश्चिमेकडे तिरपे उतरत जवळपास ७०० किलोमीटरपर्यंत जातात. खाली बुडणारा भूपट्ट तो हाच.

आलेख करताना घोळ ठरलेले असतात. ठिपके खाली उतरण्याऐवजी डोंगर चढताना दिसले, तर खोलीचा अक्ष उलटा करायचा राहिलाय. अर्धे ठिपके डाव्या टोकाला आणि अर्धे उजव्या टोकाला गेले, तर १८० अंशाचं रेखावृत्त आडवं आलंय. ऋण रेखांशांत ३६० मिळवा. आणि १० किलोमीटरवर ठिपक्यांची सरळ आडवी रांग दिसली, तर तो खडकाचा थर नव्हे. खोली नीट ठरवता आली नाही की एक ठरावीक आकडा धरतात, तो हा. जुन्या नोंदींत हीच रांग ३३ किलोमीटरवर दिसते. हे आधी सांगू नका, कुणीतरी विचारेलच.

यादी उतरवताना किमान तीव्रता (मॅग्निट्यूड) ५ ठेवा. बारीकसारीक धक्केही घेतले, तर जिथे भूकंपमापकांचं जाळं दाट आहे तोच भाग सर्वांत धोक्याचा वाटू लागतो.

ठिपका म्हणजे अख्खा भूकंप, हा समज मात्र चिवट असतो. ठिपका फक्त खडक तुटायला सुरुवात कुठे झाली ते सांगतो. २००४च्या सुमात्रा भूकंपात प्रस्तरभंग (खडकातली भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात) सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर सरकला होता. नकाशाच्या प्रमाणात तेवढा दोरा कापून ठिपक्यापासून उत्तरेकडे ठेवायला सांगा. अंदमान बेटं दोऱ्याखाली येतात.

प्रस्तरभंगाच्या प्रतिकृतीत गुळगुळीत लाकडी ठोकळे वापरणं ही आणखी एक नेहमीची चूक. ते अलगद घसरतात आणि जमीन सतत सरकत असते असं मुलांना वाटतं. ठोकळ्याच्या तळाला सँडपेपर चिकटवा, दुसरा तुकडा खाली अंथरा आणि रबरबँड लावून हळूहळू ओढा. रबर ताणत राहतं, ठोकळा जागचा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी मांडलेली कल्पना हीच. प्रत्येक उडी पट्टीने मोजून घ्या आणि पुढची किती असेल ते ओढण्याआधी लिहायला लावा. अंदाज बहुतेक वेळा चुकेल. ‘मग भूकंपाची तारीख का सांगता येत नाही?’ या प्रश्नावर बोलायला हीच वेळ.